कातळकुंडाची बातमी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या माळावर ती घडली त्या माळाचं तेव्हाचं नावसुद्धा आज कुणाला सांगता येणार नाही. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही ऐका. गोष्ट दोघांसाठीही आहे.

त्या माळावर मेंढपाळांचा एक तळ होता. बावीस बिऱ्हाडं, आठशे मेंढरं, आणि राखणीला सातआठ कुत्री. पाऊस जिकडे पडेल तिकडे जायचं, गवत संपलं की घोंगड्या गुंडाळून पुढं निघायचं, असं त्यांचं आयुष्य. कधी निघायचं आणि कुठं जायचं हे तळाची म्होरकी ठरवत असे. तिचं नाव सगुणा. वयानं साठीच्या पुढची, अंगानं बारीक, आवाजानं मऊ. लहानमोठे सगळे तिला सगुणाक्का म्हणत.

त्या वर्षी पावसानं माळाकडे पाठ फिरवली. गवत सुकलं, मग मेंढरांनी ते मुळासकट खाल्लं, मग उरली नुसती माती. सगुणाक्कानं एका सकाळी सगळा माळ पायांखाली घातला आणि तळावर येऊन सांगितलं, "आठ दिवस. काटकसर केली तर आठ दिवस पुरेल एवढाच चारा आणि पाणी आहे. त्याच्या आत निघायला हवं."

"कुठं?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

जायला वाटा दोनच होत्या. दक्षिणेला पाच दिवसांच्या चालीवर गवताळ रान होतं, पण ते पावसावर जगणारं. पाऊस झाला असेल तर हिरवं, नाही तर माळापेक्षाही वाईट. पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी नदीचं खोरं होतं. तिथलं गवत कुणाच्या आठवणीत कधी आटलं नव्हतं. पण खोऱ्याच्या आधी पाच दिवसांचा कातळ होता. काळा, तापलेला, झाडाची सावली नाही असा कातळ. त्यात पाण्याची जागा एकच. मेंढरांच्या चालीनं तीन दिवसांवर, दगडाच्या पोटातलं एक कुंड. कुंडात पाणी असेल तर कळप तिथं पाणी पिऊन पुढचे दोन दिवस चालून खोऱ्यात पोचेल. कुंड कोरडं असेल तर कळपाला पुढंही जाता येणार नाही आणि मागंही फिरता येणार नाही.

बातम्यांना तोटा मात्र नव्हता. माळावरून वाटसरू जात, तळावर टेकत, वाटीभर दूध पीत आणि बातमी देत. एक म्हणाला, "पश्चिमेला मोठा पाऊस झाला." दुसरा म्हणाला, "दक्षिणेला इतकं हिरवं आहे की डोळे निवतात." तिसऱ्यानं दोन्हीकडं पाऊस सांगितला आणि दोन वाट्या दूध प्यायला.

सगुणाक्काचा धाकटा दीर धुळोबा या बातम्या मन लावून ऐके. तो मोठा कष्टाळू माणूस होता, पण त्याला थांबणं जमत नसे. "वहिनी, दक्षिणेची बातमी चार जणांनी सांगितली, पश्चिमेची दोघांनीच. दक्षिणेला निघू या."

सगुणाक्का त्या वेळी एका वाटसरूजवळ बसली होती. तिनं त्याला विचारलं, "दादा, खरं सांगा. आजवर कुठल्या तळावर तुम्ही पाऊस नाही अशी बातमी दिली आहे का?"

वाटसरू म्हातारा होता. तो लाजल्यासारखा हसला. "आक्का, ज्याच्या दारी दूध प्यायचं, त्याला वाईट कसं सांगायचं? रान हिरवं असलं तरी मी हिरवं सांगतो, आणि सुकलेलं असलं तरी हिरवंच सांगतो. माझ्या बोलण्यानं एवढंच होतं, की ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं."

सगुणाक्का त्याच्यावर रागावली नाही. तिनं त्याच्या वाटीत आणखी थोडं दूध ओतलं. मग धुळोबाला म्हणाली, "भावजी, पाऊस पडला तरी हेच ऐकू येणार आणि नाही पडला तरी हेच. मग चार जणांनी सांगितलं काय आणि चाळीस जणांनी सांगितलं काय, आपल्याला नवीन काय कळलं?"

दुसऱ्या दिवशी तळावर एक पंडित आला. राजधानीतून आला होता. त्याच्या गाढवावर कापडाची एक लांब गुंडाळी होती. त्यानं ती उलगडली तेव्हा सगळे बघतच राहिले. सगळा मुलूख तीत काढलेला. डोंगर, नद्या, घाट, गावं, कुठं कुठली माती, कुठं कुठलं झाड.

"हे करायला माझ्या आजोबांची, वडिलांची आणि माझी हयात गेली," पंडित म्हणाला. "वीस मेंढे द्या, म्हणजे यातलं सगळं समजावून सांगतो. यापेक्षा जास्त माहिती तुम्हाला कुठं मिळणार नाही."

वीस मेंढे म्हणजे तळाचं वैभव. पण इतकी महाग गोष्ट काहीतरी मोठी असणार असं लोकांना वाटलं. धुळोबासुद्धा म्हणाला, "देऊन टाकू, वहिनी. सुटू तरी."

सगुणाक्का कापडावर वाकली. पश्चिमेच्या कातळात तिला एक निळा ठिपका दिसला. त्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "पंडितजी, हे कुंड ना?"

"हो. कातळकुंड. माझ्या आजोबांनी स्वतः पाहिलेलं."

"त्यात आज पाणी आहे का?"

पंडितानं त्या ठिपक्याकडे पाहिलं. त्याचे कपडे धुळीनं माखलेले होते आणि दोन दिवसांत त्याच्या पोटात काही गेलेलं नसावं. पण माणूस सच्चा होता. तो म्हणाला, "बाई, या कापडात हजार गोष्टी आहेत. पण आजची एकही नाही."

"आणि मला आजची एकच हवी आहे," सगुणाक्का म्हणाली. "तुमचं कापड अनमोल आहे. ज्याला राज्य चालवायचं त्यानं ते जरूर घ्यावं. मला फक्त उजवीकडं वळायचं की डावीकडं, एवढंच ठरवायचं आहे." तिनं पंडिताला पोटभर भाकरी-ताक दिलं, गाढवाला पाणी दिलं आणि मानानं निरोप दिला.

मग तिनं सगळ्यांना बोलावलं. "खोऱ्यात गवत आहेच, ते बघायला माणूस पाठवायला नको. दक्षिणेला पाऊस आहे की नाही हे बघायला गेलेला माणूस परत येईपर्यंत आपला चारा संपत येईल. कुंडात पाणी आहे की नाही, यावर आपलं सगळं आहे. पाणी असेल तर पश्चिमेला, नसेल तर देवाचं नाव घेऊन दक्षिणेला. एकटा माणूस झपझप चालला तर दीड दिवसात कुंडाशी पोचतो. कोण जाईल?"

कातळावर एकट्यानं जायचं म्हणजे जिवावरचं काम.  मग मागून मायाप्पा उठला. पंचेचाळिशीचा, उंच, दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस. तो मेंढ्यांची नजर बघून त्यांना किती तहान लागली आहे ते सांगत असे, म्हणून त्याला सगळे मानत.

"मी जातो, आक्का."

"लांबून बघून येऊ नकोस," सगुणाक्का म्हणाली. "हात लावून बघ."

"हात लावून बघतो. चौथ्या दिवशी सकाळी येतो."

त्यानं खांद्यावर पाण्याची पखाल घेतली, कमरेला भाकरी बांधली, हातात पितळेची चरवी घेतली आणि निघाला. त्याच्या मेंढ्या कोंडाबाईनं आपल्या कळपात घेतल्या. कोंडाबाई विधवा होती. तिच्याकडे मेंढ्या थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याच नुकत्याच व्यालेल्या. अकरा कोकरं तिच्या खोपटाभोवती लुटुलुटु फिरत असत.

मायाप्पा चालला. पहिल्या दिवशी ऊन सोसलं. दुसऱ्या दिवशी कातळ इतका तापला की वहाणांच्या तळव्यातून चटके बसायला लागले. दुपारच्या सुमाराला तो एका उंचवट्यावर चढला. तिथून खाली कुंडाची घळ दिसत होती. आणि घळीत काहीतरी लखलखत होतं.

पाणी!

मायाप्पाचे डोळे भरून आले. तिथूनच मागं फिरलं तर उद्या रात्रीपर्यंत तळावर पोचता आलं असतं. पाय सुजले होते, घळीत उतरायला अवघड होतं आणि उतरून पुन्हा चढायचं होतं. शिवाय पाणी तर डोळ्यांनी दिसलंच होतं. पण हात लावून बघतो असा शब्द दिला होता. तो खाली उतरला.

कुंड तीन घोंगड्या अंथरता येतील एवढं होतं. पाणी गुडघाभर, त्याच्या खाली गाळ. मायाप्पानं ओंजळ भरून चव घेतली. गोड होतं. मग तो काठावर बसून मेंढपाळासारखा विचार करायला लागला. तहानलेलं एक मेंढरू किती पितं? दोनशे मेंढरांना हे बरोबर पुरेल, तेवढ्यात पाणी वीतभर उतरेल. त्यापुढची पाय घालून गाळ ढवळतील आणि मग कुणालाच पिता येणार नाही. म्हणजे आठशेंचा कळप इथं एकदम आला तर दोनशे पितील आणि सहाशे पाण्याच्या काठावर मरतील.

 पाणी आहे, एवढीच बातमी घेऊन तो परत गेला असता तर सगळे हसतखेळत इथं आले असते.

मग त्याला कातळाच्या फटीतून बारीक टपटप ऐकू आली. झरा जिवंत होता. कुंड पुन्हा भरत होतं. पण किती वेळात? दोन दिवसांत की दोन महिन्यांत? यावर सगळं अवलंबून होतं, आणि हे नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं.

ते कळायला एकच मार्ग होता, आणि तो मायाप्पाला फार जड गेला. त्यानं टोकदार दगडानं ओरखडून पाण्याच्या पातळीची खूण कातळावर केली. त्याखाली वीतभर अंतरावर दुसरी खूण केली. मग चरवी भरली आणि पाणी कातळावर ओतून दिलं.

ज्या वर्षी माणसं थेंबाला महाग झाली होती, त्या वर्षी तो पाणी ओतून टाकत होता. एक चरवी, दुसरी, तिसरी. प्रत्येक चरवीबरोबर त्याला वाटे, हे आमच्या एका मेंढीचं पाणी होतं. झरा मेला असेल तर आपण आपल्याच हातानं आपल्या माणसांच्या तोंडचा घोट काढतो आहोत.  पण तो थांबला नाही. सूर्य कलेपर्यंत त्यानं पाणी खालच्या खुणेपर्यंत आणलं. ओतलेलं पाणी एका खळग्यात साचलं होतं. तिथं होले आले, एक खोकड आलं, आणि मायाप्पाला न घाबरता प्यायले.

मग मायाप्पा काठावर बसून राहिला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सकाळी पाणी अर्धी वीत चढलं होतं. दुपार कलता कलता ते वरच्या खुणेला टेकलं. मायाप्पानं कपाळ दगडावर टेकवलं. दिवसाला एक वीत. दिवसाला दोनशे मेंढरं.

निघता निघता तो पुन्हा थबकला. उद्याही इतकंच भरेल कशावरून? आणखी एक दिवस थांबून पुन्हा मोजावं का? पुढं जाऊन खोरंही एकदा बघून यावं का? मन म्हणत होतं, जितकं जास्त कळेल तितकं बरं. पण मग त्यानं स्वतःला विचारलं, "उद्या दोन बोटं कमी भरलं तर आपण काय वेगळं करू? काहीच नाही. दोनदोनशेंच्या टोळ्या करून एकेका दिवसाच्या अंतरानंच निघायचं. मग ते मोजायला एक दिवस कशाला घालवू? तळावर एक दिवस म्हणजे काय ते मला माहीत आहे." त्यानं पखाल भरली आणि परतीच्या वाटेला लागला.

इकडे तळावर चौथ्या दिवसाची सकाळ उजाडली. लोक पश्चिमेकडे डोळे लावून बसले. दुपार झाली. संध्याकाळ झाली. मायाप्पा आला नाही.

कोंडाबाईच्या मेंढ्यांचं दूध आटलं होतं. त्या दिवशी तिची चार कोकरं गेली. ती एक मेलेलं कोकरू पदरात घेऊन सगुणाक्कासमोर येऊन बसली. रडली नाही. "आक्का," ती म्हणाली, "तू त्याला हात लावून बघायला सांगितलंस. त्याच्या हात लावायला माझी कोकरं लागली."

सगुणाक्का तिच्याजवळ सरकली. तिनं कोंडाबाईचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. खरं तर तिच्या मनातही भीती होती. मायाप्पा कातळावर कुठं पडला तर नसेल? आपण एका माणसाला एका प्रश्नापायी मारलं तर नसेल? पण हे ती कुणाला बोलली नाही.

धुळोबा आला. त्याचा आवाज चढला होता, पण डोळ्यांत काळजी होती. "वहिनी, आता पुरे. तो येत नाही याचाच अर्थ तिकडे पाणी नाही. माझ्या मागे सहा बिऱ्हाडं आहेत. दोनशे मेंढरं आहेत. मी उद्या पहाटे दक्षिणेला निघतो."

"एक दिवस थांबा, भावजी."

"एका दिवसात चार कोकरं गेली. उद्या किती जातील?"

"ते मला माहीत नाही," सगुणाक्का म्हणाली. "पण पाणी नसतं तर मायाप्पा वेळेत आला असता. कोरडं कुंड बघायला वेळ लागत नाही. त्याला उशीर होतो आहे म्हणजे एक तर तो अडचणीत आहे, नाही तर तिथं बघण्यासारखं काहीतरी आहे."

धुळोबानं मान हलवली. पाचव्या दिवशी उजाडताना तो सहा बिऱ्हाडं घेऊन निघाला. जाताना त्यानं वाकून वहिनीला नमस्कार केला. तिनं त्याला अडवलं नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी मायाप्पा आला. ओठ फुटलेले, पाय रक्ताळलेले. कुत्री ओळखून धावली, मागून माणसं धावली. सगुणाक्कानं त्याला आधी पाणी पाजलं. मग तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलला. कुंड किती मोठं, पाणी किती खोल, वीतभर कसं उपसलं, किती वेळात भरलं.

"सगळे एकदम गेलो तर मरू," तो म्हणाला. "चार टोळ्या करून, एकेका दिवसाच्या अंतरानं गेलो तर सगळे पोचू."

ऐकणाऱ्यांचे चेहरे उजळले, पण मागून कोंडाबाई म्हणाली, "एवढं पाणी आहे असं काल येऊन सांगितलं असतंस तर? आज आणखी तीन गेली."

मायाप्पानं मान खाली घातली. "चुकलो असेन, वहिनी," तो म्हणाला. एवढंच.

सगुणाक्कानं लगेच टोळ्या पाडल्या. ज्यांच्या मेंढ्या अशक्त होत्या त्यांची टोळी पहिली, म्हणजे कोंडाबाई पहिल्या टोळीत. पहिली टोळी उद्या पहाटे, दुसरी परवा, तिसरी तेरवा. टोळ्या निघत जातील तशी माळावर खाणारी तोंडं कमी होतील, म्हणून मागच्यांना चारा पुरणार होता. मायाप्पाला तिनं पहिल्या टोळीबरोबर वाट दाखवायला दिलं. आणि स्वतः काठी घेऊन दक्षिणेकडं चालायला लागली.

"आक्का, तू कशाला? आम्ही कुणीतरी जाऊ," लोक म्हणाले.

"दुसरं कुणी गेलं तर धुळोबा परत येणार नाही," ती म्हणाली. "त्याला लाज वाटेल."

मेंढरांची चाल हळू असते, म्हणून संध्याकाळी तिनं त्यांना गाठलं. धुळोबाची माणसं एका तळ्याकाठी बसली होती. तळं म्हणजे नुसती भेगाळलेली माती. धुळोबा त्या भेगांकडे बघत उभा होता. वहिनीला एकटीला आलेलं बघून त्यानं तोंड फिरवलं.

"मायाप्पा आला," सगुणाक्का म्हणाली. "कुंडात पाणी आहे. दिवसाला दोनशे मेंढरांचं. चौथी टोळी तुमची आहे, भावजी. तुमच्याशिवाय हिशोब पुरा होत नाही."

धुळोबा त्या भेगाळलेल्या मातीवर खाली बसला. मग म्हणाला, "मी या सगळ्यांना मारायला निघालो होतो."

"नाही. तुम्ही त्यांना वाचवायलाच निघाला होतात. सकाळी तुम्हाला जेवढं माहीत होतं त्यावर तुम्ही निघालात, मीही तेवढ्यावरच थांबले. सकाळपर्यंत आपण दोघंही अंधारातच होतो. आता जास्त माहीत आहे. चला."

धुळोबानं डोळे पुसले आणि कळप वळवला.

चारही टोळ्या कातळावरून गेल्या. पहिली पोचली तेव्हा कुंडात पाणी होतं. दुसरी पोचली तेव्हाही होतं. तिसऱ्या टोळीच्या वेळी ते दोन बोटं कमी भरलं होतं, पण पुरलं. चौथ्या टोळीची शेवटची मेंढी प्यायली आणि धुळोबा सगळ्यांच्या मागून प्यायला. आणि असे एकामागून एक सगळे खोऱ्यात उतरले. नदी वाहत होती. गवत मेंढरांच्या पोटाला लागत होतं.

आनंदाचा दिवस होता. पण सगुणाक्काच्या लक्षात आलं, की कोंडाबाई नदीकाठी एकटीच बसली आहे. तिच्या अकरा कोकरांपैकी माळावर सात गेली होती आणि वाटेत दोन. मायाप्पा तिच्यापासून थोड्या अंतरावर बसला होता. जवळ जाऊन बोलायचा धीर त्याला होत नव्हता आणि उठून जायलाही त्याचा पाय निघत नव्हता.

सगुणाक्कानं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"मायाप्पा एक दिवस जास्त राहिला," ती म्हणाली. "त्या एका दिवसानं आपण सगळे जिवंत आहोत. तो आदल्या दिवशी आला असता तर त्याची बातमी खरीच असती, पण अर्धी असती, आणि त्या अर्ध्या खऱ्यानं आपल्याला मारलं असतं. पुरी बातमी महाग पडते. तिला दिवस लागतात, पाय सोलवटतात, पाणी ओतून द्यावं लागतं. ती किंमत मोजावी लागणारच होती. पण ती मोजली कुणी? बातमी बावीस बिऱ्हाडांच्या कामी आली, आणि किंमत मोजली एकट्या कोंडानं. हे मला गिळवत नाही."

 लोक एकमेकांकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

पहिल्यांदा धुळोबा उठला. आपल्या कळपातलं सगळ्यांत गुटगुटीत कोकरू उचलून त्यानं कोंडाबाईसमोर ठेवलं.

त्याच्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "धुळोबा, तू तर थांबलाही नव्हतास. तुझ्यावर कसली जबाबदारी?"

"कुंडाचं पाणी माझ्या मेंढ्याही प्यायल्याच की," धुळोबा म्हणाला, आणि परत जाऊन दुसरं कोकरू घेऊन आला.

मग बाकीचे उठले. कुणी कोकरू आणलं, ज्याच्याकडे कोकरू नव्हतं त्यानं नवी घोंगडी आणली, एका म्हातारीनं नुसता लोकरीचा गुंडा आणला. मायाप्पा सगळ्यांत शेवटी आला. त्यानं आपली दुभती मेंढी कोंडाबाईच्या हातात दिली.

"तुझं कशाला?" कोंडाबाई म्हणाली. "तुझे तर पाय गेले."

"माझे पाय बरे होतील, वहिनी."

कोंडाबाई मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माळावर चार कोकरं गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बस इथं. पायाला तेल लावते."

तेव्हापासून त्या तळावर एक रीत पडली. काही जाणून घ्यायचं झालं की म्होरकी आधी विचारी, "हे कळलं तर आपण काय वेगळं करू?" उत्तर नसलं तर कुणाला पाठवलं जात नसे, मग बातमी फुकट मिळत असो की वीस मेंढ्यांना. आणि उत्तर असलं तर जाणाऱ्याला पुरता वेळ दिला जाई. त्याच्या मागे त्याचा कळप दुसरे राखत, आणि जे नुकसान होईल ते बावीस बिऱ्हाडं वाटून घेत. त्या तळानं पुढंही दुष्काळ पाहिले, पण एकाच घरावर सगळा भार पडल्याचं पुन्हा कुणी पाहिलं नाही.

बोध एवढाच: जितकं खोल जाणायचं तितकी किंमत जास्त पडते, म्हणून जे कळल्यानं आपलं पाऊल बदलेल तेच जाणावं, पुरतं जाणावं, आणि त्याची किंमत सगळ्यांनी मिळून सोसावी.